रोमन सिनेटर: गुन्हा आणि बेअब्रू

प्राचीन रोममध्ये गुन्हा आणि बेअब्रू यांचे रस्ते वेगळे होते, हे आधी लक्षात घ्या. गुन्ह्यासाठी न्यायालय होते. बेअब्रूला दोन सेन्सर पुरत. साधारण दर पाच वर्षांनी निवडले जाणारे हे अधिकारी नागरिकांची आणि मालमत्तेची मोजदाद करत, तेव्हाच सिनेटची यादीही तपासत. यादीतून नाव वगळले की माणूस सिनेटबाहेर. त्यासाठी खटला लागत नसे. दोनदा कॉन्सल झालेला रुफिनस इ.स.पू. २७५ मध्ये असाच बाहेर गेला. कारण, घरात दहा पौंड चांदीची भांडी!

आता इ.स.पू. १८४ चे प्रकरण पाहा. ल्युसियस फ्लामिनिनस हा माजी कॉन्सल, मॅसिडोनियाच्या राजाला हरवणाऱ्या टायटसचा सख्खा भाऊ. गॉल प्रांतात असताना, ऐन मेजवानीत, आपल्या मर्जीतल्या व्यक्तीला खूश करण्यासाठी त्याने एका माणसाचा जीव घेतला, असा आरोप होता. लिव्ही दोन हकिगती देतो. एकीत मरणारा आश्रयाला आलेला गॉल सरदार आहे, दुसरीत शिक्षा झालेला कैदी. सेन्सर केटोने ल्युसियसला यादीतून काढले. टायटसने जाब विचारला, तेव्हा केटोने सगळी हकिगत लोकांसमोर मांडली आणि आरोप खोटा असेल तर पैज लावून न्यायनिवाडा करू, असे आव्हान दिले. ल्युसियसने ते घेतले नाही.

पुढची गोष्ट प्लुटार्क सांगतो. ल्युसियस नाट्यगृहात गेला, तो माजी कॉन्सलांच्या जागा ओलांडून पार मागे जाऊन बसला. लोकांना दया आली. त्यांनी आरडाओरडा करून त्याला पुन्हा मानाच्या जागी बसवले. दया कोणाची आली, ते बघा. मेलेल्या माणसाचे तर नावही या हकिगतींत येत नाही. खुनाची किंमत एक खुर्ची, आणि तीही लोकांनी परत दिली. मला तरी रोमन सत्तेचा स्वभाव युद्धांच्या वर्णनांपेक्षा या प्रसंगात जास्त स्पष्ट दिसतो.

बेअब्रू कायमची नसे. इ.स.पू. ७० मध्ये सेन्सरांनी एकदम ६४ सिनेटर काढले. त्यांतला लेंट्युलस सुरा आदल्याच वर्षी कॉन्सल होता. परतीची एक वाट म्हणजे पुन्हा निवडणूक जिंकणे. त्याने ती जिंकली आणि इ.स.पू. ६३ मध्ये तो प्रेटर झाला. त्याच वर्षी तो कॅटिलिनच्या कटात सापडला. त्याला आधी पदाचा राजीनामा द्यायला लावला आणि ५ डिसेंबरला तुरुंगाच्या तळघरात गळा आवळून मारले. खटला याही वेळी झाला नाही. सिनेटमधली चर्चा तेवढी झाली. नागरिकांना विनाचौकशी मारल्याच्या याच ठपक्यावरून कॉन्सल सिसेरोला इ.स.पू. ५८ मध्ये रोम सोडावे लागले.