एका दिवसाच्या दातांची कुळकथा

‘सकाळी या, संध्याकाळी पक्के दात घेऊन जा’ अशा धर्तीच्या पाट्या आता पुण्या-मुंबईतच नव्हे, तर जिल्ह्याच्या गावीही दिसतात. वाचणाऱ्याला वाटतं, हाड झटपट जुळवण्याची काहीतरी युक्ती सापडली असणार. तसं काही झालेलं नाही. असे दात ज्यावर उभे राहतात त्या टायटॅनियमच्या स्क्रूला, म्हणजे इम्प्लांटला, जबड्याच्या हाडाने घट्ट धरायला पूर्वी महिने लागत. स्क्रूचा पृष्ठभाग खरखरीत करून त्यातले काही आठवडे वाचवता आले, पण महिन्यांचे दिवस झाले नाहीत. मग त्या संध्याकाळी तोंडात बसलेले दात उभे कशाच्या जोरावर असतात? ही पद्धत सुरक्षित आहे की नाही, हे या प्रश्नावर ठरतं.

गंमत अशी, की या धंद्यात घाई आधी आली आणि सबुरी नंतर. १९६०च्या दशकात न्यूयॉर्कचे लेनर्ड लिंको हे दंतवैद्य पात्यासारखे चपटे इम्प्लांट हाडात ठोकून बसवत आणि त्यांवर लवकरच दात चढवत. काही वर्षानुवर्षं टिकले, पुष्कळ डळमळले. धातू आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा मऊ थर तयार होई. त्या थराला खऱ्या दाताच्या मुळाभोवतीच्या अस्तराची उपमा देऊन त्याचं समर्थन करणारेही होते. प्रत्यक्षात तो थर म्हणजे हाडाने परक्या वस्तूला दिलेला नकार असे.

सबुरी आणली ती स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी, आणि ते दंतवैद्य नव्हतेच. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला लुंड इथे ते सशाच्या पायातल्या हाडात रक्त कसं खेळतं ते पाहत होते. त्यासाठी टायटॅनियमची एक बारीक नळकांडी हाडात बसवून तिच्यातून सूक्ष्मदर्शकाने पाहायचं. प्रयोग संपल्यावर महागडी नळकांडी परत काढायला गेले, तर ती निघेना. हाड तिला चिकटून बसलं होतं. पुढे गोथेनबर्गला त्यांनी कुत्र्यांच्या जबड्यात प्रयोग केले, स्वयंसेवक विद्यार्थ्यांच्या दंडात टायटॅनियम बसवून पाहिलं, आणि १९६५ साली योस्ता लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात चार स्क्रू घातले. लार्सन यांना जन्मतः टाळूचा दोष होता, खालच्या जबड्यात दात नव्हते. २००६ साली त्यांचं निधन झालं तेव्हाही ते इम्प्लांट जागेवर होते.

ब्रोनेमार्क यांचा नियम कडक होता. स्क्रू बसवायचा, त्यावर हिरडी शिवून टाकायची आणि थांबायचं: खालच्या जबड्यात तीन-चार महिने, वरच्या जबड्यात पाच-सहा, कारण वरचं हाड विरळ. तेवढ्या काळात स्क्रूवर चावण्याचा भार येता कामा नये. नंतर हिरडी पुन्हा उघडून दात जोडायचे. स्वीडनमधल्या दंतवैद्यांच्या बड्या मंडळींना हे पटत नव्हतं. १९६९ साली एका व्याख्यानात श्रोत्यांतल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी ‘रीडर्स डायजेस्ट’मध्ये झळकणाऱ्यांवर आपला विश्वास नाही, असा टोमणा मारला. हे प्राध्यापक दात कोरायच्या काड्यांच्या एका ब्रँडची शिफारस करण्यासाठी प्रसिद्ध होते. काड्यांच्या डबीवर जाहिरात करणाऱ्यांवर माझाही नाही, असं ब्रोनेमार्क यांनी तिथल्या तिथे उत्तर दिलं.

उत्पादनासाठी १९७८च्या सुमारास ज्या कंपनीने त्यांच्याशी हात मिळवला ती बोफोर्स. होय, तीच तोफांची. आपल्याकडे तिच्या नावाने एक सरकार हादरलं आणि कारगिलमध्ये तिच्याच तोफा कामी आल्या. त्याच घराण्यातून निघालेली दातांची कंपनी पुढे नोबेल बायोकेअर या नावाने जगभर पसरली.

१९८१ साली गोथेनबर्गच्या गटाने १५ वर्षांचा हिशेब मांडला: ३७१ रुग्ण, ४१० जबडे, २,७६८ स्क्रू. पाच ते नऊ वर्षं पाहणीत असलेल्यांपैकी खालच्या जबड्यातले ९१ टक्के आणि वरच्यातले ८१ टक्के स्क्रू घट्ट होते. पुढच्याच वर्षी टोरांटोला जॉर्ज झार्ब यांनी भरवलेल्या परिषदेत उत्तर अमेरिकेच्या दंतवैद्यकाने ही पद्धत मान्य केली. वरच्या आणि खालच्या जबड्यातला हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. जाहिरातीत दोन्ही जबडे एकाच दराने आणि एकाच भरवशाने विकले जातात.

सहा महिने थांबणं रुग्णाला नको असतं, हे उघड आहे. शस्त्रक्रियेच्या टाक्यांवर कवळी घालता येत नाही, काही दिवस बिनदातांचं फिरावं लागतं, आणि नंतर ती सैल कवळी महिनोन्महिने सांभाळायची. म्हणून दुसरी बाजू चाचपडली गेली. स्वित्झर्लंडच्या फिलिप लेडरमान यांनी १९७९ साली खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात चार स्क्रू बसवून ते एका दांडीने लगेच जोडले आणि दांडीवर कवळी अडकवली. टिकलं. यातून जी गोष्ट पुढे आली ती साऱ्या कहाणीची किल्ली आहे. हाडाला भार सहन होत नाही असं नसतं. त्याला हालचाल सहन होत नाही. स्क्रू आणि हाड यांच्यातली हालचाल साधारण ५० ते १५० मायक्रॉनच्या पलीकडे गेली, म्हणजे फार तर केसाच्या जाडीपेक्षा थोडी जास्त झाली, की हाडाऐवजी लिंकोंच्या वेळचा तो मऊ थर तयार होतो. एकट्या स्क्रूला हलण्यापासून वाचवणं कठीण. चार स्क्रू कमानीच्या दोन्ही बाजूंना पसरून एका कडक पट्टीने बांधले, तर एकावर आलेला धक्का चौघांत वाटला जातो.

अमेरिकेतल्या पॉल श्निटमन यांनी हे ज्या रीतीने तपासलं ती मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत प्रामाणिक वाटते. दहा रुग्णांच्या खालच्या जबड्यात त्यांनी ६३ स्क्रू बसवले. त्यांतल्या २८ वर त्याच दिवशी तात्पुरते दात चढवले आणि ३५ ब्रोनेमार्क यांच्या नियमाप्रमाणे हिरडीखाली झाकून ठेवले. भार घेतलेले गेलेच, तर झाकलेली फौज तयार. १९९७ साली दहा वर्षांपर्यंतचे निष्कर्ष छापले गेले. दहाही रुग्णांचे तात्पुरते दात तीन महिने नीट चालले. पण लगेच भार घेतलेल्या २८ पैकी चार स्क्रू शेवटी गमावले आणि झाकलेल्या ३५ पैकी एकही नाही. जोखीम वाढते, हे आकड्यांत दिसलं. ती वाढलेली जोखीम रुग्णाच्या पदरात पडली नाही, ती राखीव स्क्रूंमुळे.

१९९९ साली खुद्द ब्रोनेमार्क यांनी त्याच दिवशी दात देणारी ‘नोव्हम’ पद्धत काढली. खालच्या जबड्यात तीन जाड स्क्रू आणि कारखान्यात आधीच तयार केलेल्या पट्ट्या. ५० रुग्णांच्या १५० स्क्रूंपैकी तीनच गेले. तरी ती फार चालली नाही. पट्टी एका मापाची आणि जबडे आपापल्या मापाचे.

आज जे ‘ऑल-ऑन-फोर’ म्हणून ओळखलं जातं ते लिस्बनच्या पाउलो मालो यांचं काम. त्यांची युक्ती भूमितीची होती. खालच्या जबड्यात हनुवटीच्या दोन्ही बाजूंना ओठाकडे जाणारी नस बाहेर पडते; वरच्या जबड्यात दाढांवर सायनसची पोकळी असते. दात पडून हाड झिजलं की या जागी सरळ स्क्रूला उंची उरत नाही. मालो यांनी मागचे दोन स्क्रू ४५ अंशांपर्यंत कलते घातले. त्यामुळे नस आणि सायनस वाचले, लांब स्क्रू बसला, आणि दाताकडचं टोक मागे आल्याने दातांची पट्टी मागच्या बाजूला अधांतरी फार लोंबत राहिली नाही.

२००३ साली त्यांनी खालच्या जबड्याच्या ४४ रुग्णांचे निष्कर्ष छापले, भार घेतलेले १७६ स्क्रू. पाच स्क्रू सहा महिन्यांच्या आत गेले; यशाचा आकडा ९६ ते ९८ टक्के. हा आकडा पत्रकांत फिरतो. त्याच लेखातली दुसरी ओळ फिरत नाही: ४४ पैकी २४ रुग्णांना आणखी ६२ राखीव स्क्रू बसवले होते, तात्पुरत्या दातांना न जोडलेले. म्हणजे ‘फक्त चारांवर’ हे ब्रीद जन्मलं तेव्हा अर्ध्याहून जास्त तोंडांत चारांहून जास्त स्क्रू होते. यात लबाडी नव्हती. नवी वाट चालणाऱ्याने घ्यावी ती खबरदारी होती. पुढे अनुभव वाढला तसे राखीव गळाले. २०११ साली २४५ रुग्णांचा दहा वर्षांपर्यंतचा हिशेब आला तेव्हा सुमारे ९५ टक्के स्क्रू यशस्वी होते. पण हे आकडे एका निष्णात चमूचे, निवडलेल्या रुग्णांचे.

आपल्याकडे एका दिवसाच्या जोडीने ‘तीन दिवसांत दात’ही विकले जातात. ते बहुधा वेगळ्या घराण्याचे, बेसल इम्प्लांट: एकसंध, लांब, जबड्याच्या तळाच्या टणक हाडात टोक रुतवणारे. यांचा जन्म फ्रान्स-जर्मनीकडचा. यांच्या मागे गोथेनबर्ग किंवा लिस्बनसारखा लांबलचक, तपासलेला हिशेब नाही, आणि दोन घराण्यांचे आकडे एकमेकांच्या नावावर खपवले जातात, ही माझी तक्रार आहे.

बसवतानाची पकड कायम राहत नाही, हे रुग्णाला क्वचितच सांगितलं जातं. ती सुरुवातीला यांत्रिक असते. मग शरीर कापलेलं हाड खाऊन नवं घालू लागतं आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास पकड सर्वांत कमी होते. नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं, सूज उतरलेली, आणि समोर भाकरी. दोन-तीन महिने मऊ भात, खिचडी, वरण एवढ्यावर राहा, चिक्की-सुपारी विसरा, हे पथ्य म्हणजे ब्रोनेमार्क यांची सबुरीच, फक्त हिरडीखालून ताटात आलेली. म्हणूनच पहिले दात ॲक्रिलिकचे तात्पुरते असतात. पक्के चार-सहा महिन्यांनी बनतात, पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

तंबाखू, ताब्यात नसलेला मधुमेह, झोपेत दात खाण्याची सवय, हाडांच्या ठिसूळपणासाठी घेतलेली काही औषधं, यांतलं काहीही असलं की गणित बदलतं. आणि चारच स्क्रू असले, की एक गेल्यावर अख्खी पट्टी अडचणीत येते. वाचवता येण्यासारखे दात ‘पूर्ण तोंड’ करण्याच्या नादात काढले जाणं हा तर परत न फिरवता येणारा तोटा.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर निर्णय एका आकड्यावर येतो. स्क्रू पिळताना साधारण ३५ न्यूटन-सेंटीमीटरचा जोर लागला, तर त्याच दिवशी दात चढवतात. हाड मऊ निघालं आणि तेवढा जोर लागला नाही, तर स्क्रूवर हिरडी शिवायची आणि जुन्या नियमाने महिने मोजायचे. ही शक्यता ज्या डॉक्टरांनी आधीच समजावून रुग्णाची संमती घेतलेली असते, त्यांच्याकडून तो रुग्ण संध्याकाळी दातांशिवाय घरी जातो, आणि जखम जरा भरली की कवळी घेऊन ते महिने काढतो.