तीन तुकड्यांची रायफल

साल १९०९. थिओडोर रूझवेल्ट मार्चमध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदावरून उतरले आणि त्याच महिन्यात बोटीने निघाले, आफ्रिकेत शिकारीला. सोबत हॉलंड अँड हॉलंडची दुनळी रायफल, इंग्रज चाहत्यांनी भेट दिलेली.

आता एवढं लांब धूड बोटीतून, रेल्वेतून, मग हमालांकरवी न्यायचं कसं? तर अशा दुनळ्या सुट्या होतात. नळ्या बिजागरीवर झुकतात. त्यांच्याखालचा लाकडी तुकडा काढला की नळ्या निघतात, दस्ता वेगळा. तीन तुकडे, एक पेटी. स्क्रूड्रायव्हरसुद्धा लागत नाही!

पण पुन्हा जोडल्यावर नेम चुकला तर? समोर हत्ती असेल तर विचारूच नका! म्हणून नेम धरायच्या पुढच्या-मागच्या दोन्ही खुणा नळ्यांवरच बसवतात. नळ्या काढा-घाला, खुणा त्यांच्यासोबतच राहतात. नेम सहसा हलत नाही.

त्या सफरीत रूझवेल्ट आणि त्यांचा मुलगा कर्मिट यांनी ५१२ प्राणी मारले. हा आकडा रूझवेल्ट यांनी स्वतःच पुस्तकात दिलाय. सगळे काही या एकाच रायफलने नाही, आणि बरेच नमुने स्मिथसोनियन संग्रहालयासाठी होते. तरी बघा, बोट, रेल्वे आणि पेटीत मावणारी रायफल जमली, आणि हजारो मैलांवरचे हत्ती-सिंह शिकाऱ्यांच्या टप्प्यात आले.