तैवान संबंध कायदा

तैवान संबंध कायदा हा अमेरिकेच्या काँग्रेसने १९७९ साली संमत केलेला कायदा आहे. ज्या सरकारची राजनैतिक मान्यता काढून घेतली, त्यालाच शस्त्रे विकत राहण्याची सोय या कायद्याने झाली. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्यावर १० एप्रिल १९७९ रोजी स्वाक्षरी केली. मात्र तो १ जानेवारीपासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू झाला.

पार्श्वभूमी

१ जानेवारी १९७९ रोजी अमेरिकेने बीजिंगमधील साम्यवादी सरकारला चीनचे एकमेव कायदेशीर सरकार म्हणून मान्यता दिली व तैपेईशी असलेले राजनैतिक संबंध संपवले. १९५४ सालचा परस्पर संरक्षण करारही वर्षभराची पूर्वसूचना देऊन रद्द करण्यात आला. कार्टर प्रशासनाच्या मूळ विधेयकात तैवानच्या सुरक्षेविषयी तरतूद नव्हती. ती काँग्रेसने घातली. सुधारित विधेयक प्रतिनिधिगृहात ३३९ विरुद्ध ५०, तर सिनेटमध्ये ८५ विरुद्ध ४ मतांनी संमत झाले.

तरतुदी

अमेरिकी कायद्यांत 'परकीय देश', 'राष्ट्र' किंवा 'सरकार' असे शब्द येतात, तेथे तैवानचाही समावेश मानावा, असे कलम ४ सांगते. शस्त्रविक्रीचे कायदे परकीय देशांनाच उद्देशून असल्यामुळे ही वरवर तांत्रिक वाटणारी तरतूद निर्णायक ठरली. कलम ३ नुसार तैवानला पुरेशी स्वसंरक्षणक्षमता राखता येईल इतकी शस्त्रसामग्री उपलब्ध करून द्यावयाची असून, तिचे स्वरूप व प्रमाण राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस यांनी केवळ तैवानची गरज पाहून ठरवावयाचे असते. दूतावासाची कामे 'अमेरिकन इन्स्टिट्यूट इन तैवान' या ना-नफा संस्थेकडे आहेत.

तैवानवर हल्ला झाल्यास युद्धात उतरण्याचे बंधन मात्र कायदा घालत नाही. शांततेखेरीज अन्य मार्गाने तैवानचे भवितव्य ठरवण्याचा प्रयत्न ही 'गंभीर चिंतेची बाब' मानली जाईल, एवढेच त्यात म्हटले आहे. ही संदिग्धता हेतुपुरस्सर ठेवल्याचे मानले जाते.

अंमलबजावणी

१७ ऑगस्ट १९८२ च्या अमेरिका-चीन संयुक्त निवेदनात शस्त्रविक्री हळूहळू कमी करण्याचा मनोदय अमेरिकेने व्यक्त केला. त्याच सुमारास रेगन प्रशासनाने तैवानला सहा आश्वासने दिली. विक्री थांबवण्याची तारीख ठरवलेली नाही, हे त्यांपैकी एक. हे निवेदन कायदा नसल्याने विक्री चालूच राहिली. १९९२ मध्ये १५० आणि २०१९ मध्ये ६६ एफ-१६ लढाऊ विमानांच्या विक्रीस मंजुरी मिळाली. असे व्यवहार म्हणजे आपल्या अंतर्गत बाबींत हस्तक्षेप आहे, अशी चीनची भूमिका आहे.