बोटातली ठिणगी आणि बंदराचा पहारेकरी

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातील पहिल्या आधार क्रमांकांचे वाटप झाले. नोंदणी करताना दहाही बोटांचे ठसे घेतात आणि ते यूएसबी केबलमधून लॅपटॉपमध्ये जातात. यंत्र बंद पडले, तर मजुरी बुडवून रांगेत उभा राहिलेला माणूस हात हलवत परततो.

कोरड्या हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट आवाज होतो, हे मुलांना ठाऊक असते. तेव्हा शरीरावर काही हजार व्होल्ट साठलेले असतात. सुमारे ३००० व्होल्टखालची ठिणगी आपल्याला जाणवतही नाही. चिप मात्र त्याहून कितीतरी कमी दाबाने जळू शकते. १९९५ च्या आंतरराष्ट्रीय मानक ६१०००-४-२ मध्ये चाचणीसाठी माणसाच्या जागी १५० पिकोफॅरडचे धारित्र धरतात. ८००० व्होल्टला त्यातून सुमारे ३० अँपिअरचा झटका जवळजवळ एका नॅनोसेकंदात उसळतो.

त्यावर उपाय म्हणजे संरक्षक डायोड. एरवी तो स्वस्थ असतो, दाब वाढताच प्रवाह जमिनीकडे वळवतो. पण स्वस्थ डायोड हेही एक छोटे धारित्रच! जुन्या आरएस-२३२ बंदराला याची फिकीर नव्हती. तिथे सेकंदाला २०,००० बिट जात आणि मानकालाच २५०० पिकोफॅरडपर्यंतचा भार मान्य होता. २००० साली यूएसबी २.० आले, वेग ४८ कोटी बिटांवर गेला आणि एका बिटाच्या वाट्याला जेमतेम २ नॅनोसेकंद उरले. तारेचा ४५ ओहमचा रोध आणि ५० पिकोफॅरडचा डायोड यांचा गुणाकार वर्गात करून पाहावा. उत्तर येते २.२५ नॅनोसेकंद, म्हणजे बिट संपला तरी दाब पुरता चढलेला नसतो. पहारेकऱ्यानेच दार अडवले म्हणायचे! २००८ च्या यूएसबी ३.० मध्ये बिट ०.२ नॅनोसेकंदाचा झाला आणि अर्ध्या पिकोफॅरडहून कमी धारकतेचे डायोड निवडणे भाग पडले.

किती व्होल्ट सोसतो एवढेच पाहून डायोड निवडणे आम्हाला म्हणूनच अपुरे वाटते. तो कुठे बसवला, हेही तितकेच महत्त्वाचे. डायोडपासून जमिनीपर्यंतच्या तारेचे प्रवर्तन मिलिमीटरला सुमारे १ नॅनोहेन्री असते. नॅनोसेकंदात ३० अँपिअर चढले, की दर मिलिमीटरमागे ३० व्होल्ट चिपच्या दारात जादा उभे राहतात.