शेवटचं उतरणं: एका जंबो जेटचा निरोप आणि तो बघायला जमलेली माणसं

आजचा विषय वाचून एका श्रोत्यांनी मला दारातच गाठलं. म्हणाले, "अहो, इतिहासाच्या व्याख्यानात विमान कुठून आणलंत? आणि तेही उडणारं नाही, उतरणारं!" (हशा) प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर म्हणजेच आजचं व्याख्यान, असं समजा.

एका सकाळपासून सुरुवात करू. ८ मार्च २०१५, रविवार. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या दक्षिणेला वुलनगाँग नावाचं शहर आहे. तिथून जवळच अ‍ॅल्बियन पार्क इथे एक छोटा विमानतळ आहे. लहान विमानं, शिकाऊ वैमानिक, असा तिथला एरवीचा कारभार. पण त्या दिवशी सकाळी तिथे हजारो माणसं जमली होती. कुंपणाला खेटून, रस्त्याच्या कडेला, आसपासच्या उंचवट्यांवर. कुणाकडे हातभर लांबीच्या लेन्सचे कॅमेरे, कुणाच्या खांद्यावर पोरं. ही सगळी माणसं वाट बघत होती ती क्वांटास या कंपनीच्या बोइंग ७४७-४०० विमानाची. त्याचं नाव 'सिटी ऑफ कॅनबेरा', नोंदणी क्रमांक व्हीएच-ओजेए. सिडनीहून निघून अवघ्या पाव तासाच्या उड्डाणानंतर ते इथे उतरणार होतं, ते कायमचंच. पुढचं आयुष्य संग्रहालयात.

आता यात बघण्यासारखं काय होतं? आधी आकडे बघू, म्हणजे गंमत कळेल.

या धावपट्टीची लांबी सुमारे १,८०० मीटर. आपल्या मुंबईची मुख्य धावपट्टी जवळजवळ साडेतीन किलोमीटर आहे. म्हणजे मुंबईच्या साधारण निम्मी. पण खरी अडचण लांबीची नव्हती. विमान रिकामं होतं, इंधन मोजकं, माणसं मोजकी. हलकं विमान लवकर थांबतं. अडचण होती रुंदीची आणि जमिनीच्या ताकदीची.

धावपट्टी ३० मीटर रुंद. विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ६४ मीटर. चाकं पट्टीवर मावतात, त्यांची रुंदी साडेबारा मीटरच्या आसपास. पण बाहेरच्या बाजूची दोन इंजिनं विमानाच्या मध्यरेषेपासून जवळजवळ २१ मीटरांवर लटकलेली असतात. पट्टीची अर्धी रुंदी १५ मीटर. वजाबाकी करा. विमान अगदी मधोमध उतरलं, तरी दोन्ही बाहेरची इंजिनं गवतावर! वैमानिकाला चुकायला जागा किती, तर चाकांच्या दोन्ही बाजूंना नऊ मीटरांहूनही कमी. शिवाय ही पट्टी इतक्या वजनासाठी बांधलेलीच नव्हती. रिकामं ७४७ सुद्धा १८० टनांच्या घरात जातं. म्हणून टायरमधली हवा कमी केली होती. हवा कमी केली की टायर जास्त पसरतो, भार जास्त जागेवर वाटला जातो. वाळूत गाडी घालताना आपले ड्रायव्हर हेच करतात. वैमानिकांनी आधी सिम्युलेटरवर सराव केला होता. आणि विमान उतरलं. व्यवस्थित उतरलं.

तर लोक जमले त्याचं एक कारण हे, की हे दृश्य पुन्हा दिसणार नव्हतं. पण तेवढ्यासाठी कुणी रविवारची झोप मोडत नाही. त्यासाठी या विमानाचं चरित्र बघायला हवं.

हे विमान १९८९ च्या ऑगस्टमध्ये क्वांटासकडे आलं. ताफ्यात दाखल होतानाच त्याने विक्रम केला. लंडनहून निघालं ते वाटेत कुठेही न थांबता थेट सिडनीला. सुमारे १८,००० किलोमीटर, २० तास ९ मिनिटं. त्या उड्डाणात नेहमीचे प्रवासी नव्हते आणि इंधनही खास मागवलेलं होतं, पण झालं हे खरं. ऑस्ट्रेलियन माणसाच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा होता. त्या देशाच्या इतिहासातली एक मोठी अडचण म्हणजे अंतर. एकेकाळी युरोपातून तिथे पोचायला बोटीने कित्येक आठवडे लागत. गेलेला माणूस परत भेटेल याची खात्री नसे. तेच अंतर या विमानाने एका दमात कापून दाखवलं.

पुढची पंचवीस वर्षं त्याने साधी नोकरी केली. चाळीस लाखांवर प्रवासी वाहिले, साडेआठ कोटी किलोमीटरच्या आसपास उडालं. चंद्रावर जाऊन परत यायच्या ११० फेऱ्या होतील इतकं. कुंपणापाशी उभ्या असलेल्या गर्दीत या विमानाने किंवा त्याच्या भावंडांनी प्रवास केलेली माणसं किती असतील, विचार करा. कुणी नोकरीला गेलेलं, कुणी आईच्या अंत्यसंस्काराला, कुणी कायमचं राहायला आलेलं.

थोडं मागे जाऊ. ७४७ जन्मालाच आलं ते एका चुकीच्या अंदाजातून. १९६० च्या दशकात सगळ्यांना वाटत होतं, की पुढचा काळ ध्वनीपेक्षा वेगवान विमानांचा. कॉन्कॉर्ड बनत होतं. अमेरिकेच्या पॅन अ‍ॅम कंपनीचे प्रमुख ह्वान ट्रिप यांनी १९६६ मध्ये २५ बोइंग ७४७ ची मागणी नोंदवली, तेव्हाही समज हाच होता, की प्रवासी काही वर्षांत कॉन्कॉर्डसारख्या विमानांकडे जातील आणि ही विमानं मालवाहतुकीला लागतील. म्हणून जो सटर आणि त्यांच्या इंजिनियरांनी वैमानिकांची खोली वर, माडीवर ठेवली. का, तर नाकाचं दार उघडून समोरून माल आत घालता यावा. त्या विमानाचं जे कुबड आपण ओळखतो, ते शोभेचं नाही, मालासाठी केलेली सोय आहे!

दोन्ही विमानं १९६९ साली पहिल्यांदा उडाली. ७४७ फेब्रुवारीत, कॉन्कॉर्ड मार्चमध्ये. पुढे काय झालं? कॉन्कॉर्ड एकूण २० बनली, त्यातली १४ प्रवासी सेवेत. ७४७ बनली १,५७४, आणि शेवटचं २०२३ च्या जानेवारीत कारखान्यातून ग्राहकाच्या हाती गेलं. ज्याला तात्पुरतं म्हटलं तेच टिकलं. कारण त्याने वेग विकला नाही, जागा विकली. एका फेरीत साडेतीनशे-चारशे माणसं, म्हणजे प्रत्येकी खर्च कमी. परदेश प्रवास श्रीमंतांच्या घरातून मध्यमवर्गाच्या घरात आला, त्यात या विमानाचा वाटा मोठा आहे.

आणि आपल्या भाषेतही ते येऊन बसलं, हे लक्षात आलंय का तुमच्या? 'जंबो' हे मुळात लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका हत्तीचं नाव. १८८२ मध्ये बार्नम नावाच्या अमेरिकन सर्कसवाल्याने तो विकत घेतला. पुढे ते नाव या विमानाला चिकटलं, आणि आपल्याकडे त्याचं सरळ विशेषण झालं. जंबो मंत्रिमंडळ, जंबो कार्यकारिणी, जंबो वडापाव. (हशा) २०२० मध्ये मुंबई-पुण्यात जंबो कोविड सेंटरं उभी राहिली. योगायोग असा, की त्याच वर्षी, त्याच साथीमुळे, क्वांटास आणि ब्रिटिश एअरवेज या दोघांनी आपली उरलेली ७४७ कायमची बंद केली. विमान गेलं, विशेषण राहिलं.

साथ हे निमित्त होतं. खरं कारण इंजिनांचं. पूर्वी लांब समुद्र ओलांडायचा तर तीन किंवा चार इंजिनं हवीत, असा नियम होता. इंजिनं जसजशी भरवशाची झाली तशी १९८५ पासून दोन इंजिनांच्या विमानांनाही जवळच्या विमानतळापासून दोन तासांच्या अंतरापर्यंत जायची मुभा मिळू लागली. मग चार इंजिनांना इंधन कोण पाजेल? हिशेब साधा होता.

आता बघणाऱ्यांकडे येऊ. विमानं बघत बसणाऱ्यांना इंग्रजीत 'प्लेन स्पॉटर' म्हणतात. अनेकांना ती विक्षिप्त माणसं वाटतात. वहीत नोंदणी क्रमांक लिहून काय मिळतं? पण या छंदाचं एक मूळ थेट युद्धात आहे. ब्रिटनमध्ये १९२५ पासून 'ऑब्झर्व्हर कोअर' नावाचं दल होतं. त्यातल्या बहुतेकांचं काम एकच, आकाशात बघायचं आणि येणारं विमान कुणाचं ते ओळखून कळवायचं. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, सामान्य नागरिकांना विमानं ओळखता यावीत म्हणून 'द एरोप्लेन स्पॉटर' नावाचं नियतकालिक निघालं. म्हणजे आकाशाकडे बघणं हे देशकार्य होतं. युद्ध संपलं, सवय राहिली, तिचा छंद झाला.

गंमत बघा, पुढे हाच छंद गुन्हा ठरू लागला. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रीसमध्ये १२ ब्रिटिश आणि दोन डच स्पॉटर हेरगिरीच्या आरोपाखाली पकडले गेले. खालच्या कोर्टात शिक्षाही झाल्या, वर्षभराने अपिलात सगळे सुटले. आपल्याकडे तर १९३७ च्या विमान नियमांपासून विमानतळावर परवानगीशिवाय फोटो काढायला बंदी होती. त्यामुळे कुर्ल्याला, जरीमरीला डोक्यावरून विमान जाताना बघणारी पोरं पिढ्यान् पिढ्या होती, पण नोंद ठेवणारे फार थोडे. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

शेवटच्या उतरण्याला मेळ्याचं रूप आलं ते कॉन्कॉर्डने. २४ ऑक्टोबर २००३ ला लंडनच्या हीथ्रो विमानतळावर तीन कॉन्कॉर्ड एकामागून एक उतरली. एक महिन्याने, २६ नोव्हेंबरला, शेवटचं कॉन्कॉर्ड ब्रिस्टलजवळ फिल्टनला उतरलं, तेही कायमचं. फिल्टन म्हणजे जिथे ती बनली ते गाव. जमलेल्या गर्दीत ती विमानं स्वतःच्या हातांनी बांधलेले कामगार होते. आपल्याकडे गिरणीचा भोंगा शेवटचा वाजला तेव्हा गेटवर जे उभे होते, त्यांना ही भावना वेगळी समजवायला नको.

आता मुंबई. एप्रिल १९७१ मध्ये एअर इंडियाचं पहिलं ७४७, 'एम्परर अशोक', सांताक्रूझला आलं. खिडक्यांभोवती झरोक्यांची नक्षी रंगवलेली. इथल्या साठीच्या पुढच्या मंडळींना आठवत असेल, एका माणसाला अमेरिकेला पोचवायला पंधरा माणसं जात. हार, नारळ, रडारड. त्याच विमानाची दुसरीही आठवण आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री ते दुबईला निघालं आणि उड्डाणानंतर काही मिनिटांत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली, एकही वाचलं नाही. जंबोच्या आठवणी काढताना ही वगळली, तर तो इतिहास नाही, नुसतं स्मरणरंजन होईल.

पुढे १९९३ पासून ७४७-४०० आली. नावं बघा: कोणार्क, तंजावर, खजुराहो, अजिंठा, आग्रा, वेल्हा गोवा. पंतप्रधानांना याच विमानांनी नेलं. ३१ जानेवारी २०२० ला वुहानमध्ये अडकलेल्या भारतीयांना आणायलाही एअर इंडियाचं ७४७ च गेलं. उरलेली चार विमानं, जुन्या विमानांचा आणि सुट्या भागांचा व्यापार करणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने घेतली. २२ एप्रिल २०२४ ला मुंबईहून 'आग्रा' निघालं. उड्डाणानंतर वैमानिकाने पंख डावी-उजवीकडे झुकवून निरोप घेतला. तो व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी फोनवर पाहिला असेल.

दोन प्रसंग शेजारी ठेवा. तिथे शेवटचं उतरणं, इथे शेवटचं उड्डाण. तिथे विमान लोकांकडे आलं, इथे लोकांपासून गेलं. आज अ‍ॅल्बियन पार्कला जाऊन 'सिटी ऑफ कॅनबेरा'च्या आत शिरता येतं. ते सांभाळणारी संस्था १९७९ मध्ये स्थापन झालेली आहे, काम मुख्यतः स्वयंसेवकांचं. त्यांनी त्याआधी एक सुपर कॉन्स्टेलेशन अमेरिकेत दुरुस्त करून १९९६ मध्ये उडवत घरी आणलं होतं. म्हणजे कंपनीने विमान दिलं ते रिकाम्या मैदानाला नाही. घ्यायला, पुसायला, दाखवायला माणसं आधीपासून उभी होती.

"आपल्याला जमणारच नाही" असं मात्र म्हणू नका. गोव्यात बोगमाळोजवळ नौदलाचं विमान संग्रहालय आहे. तिथेही एक सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे. ते मूळचं एअर इंडियाचं, 'रानी ऑफ एलोरा'. ते का वाचलं? एअर इंडियाकडून ते हवाई दलाकडे गेलं, तिथून नौदलाकडे, आणि नौदलाने संग्रहालय काढलं. त्याला घर मिळालं म्हणून ते राहिलं. आमच्या ७४७ ला कुणी घर दिलं नाही.

तर सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. इतिहासात विमान कुठून आलं? कुंपणापाशी उभ्या असलेल्या माणसांमुळे आलं. कुठली वस्तू जपायची हे सरकार किंवा कंपनी क्वचित आपणहून ठरवते. आधी कुणीतरी वहीत नोंद करतो, फोटो काढतो, दहा जणांना सांगतो. मग संस्था होते, मग धावपट्टी मागता येते. आपल्याकडे बघणाऱ्यांना आपण पिढ्यान् पिढ्या हटकत आलो, "इथे फोटो काढू नका" म्हणून. मग जायच्या वेळी मागणी करायला गर्दी कुठून येणार?

विमान आता परत येणार नाही. पण तुमच्या घरी कपाटात जुनं तिकीट असेल, महाराजाचं चित्र असलेलं मेनूकार्ड असेल, विमानतळावर हार घालून काढलेला काकांचा फोटो असेल. त्याच्या मागे पेन्सिलने तारीख आणि नावं लिहून ठेवा. घरातल्या ज्येष्ठांना विचारून आजच लिहा, पुढच्या दिवाळीवर टाकू नका. पुढच्या पिढीतल्या कुणाला जंबोचा इतिहास लिहायचा असेल, तर त्याला तेवढाच आधार उरणार आहे.

इथेच थांबतो.