रंध्यापासून थिकनेसरपर्यंत

नागपूरच्या उत्तरेला कन्हान नदीकाठी वसलेले खापा हे विणकरांचे जुने गाव. हातमागाचा विषय निघाला की आपण सूत, रंग आणि काठ यांविषयी बोलतो. मागाच्या लाकडाविषयी सहसा कोणी बोलत नाही. जॉन के या इंग्रज कारागिराने १७३३ साली धावत्या धोट्याचे पेटंट घेतले आणि मागातील एका फळीला फार महत्त्व आले. विणकराने दोरीला झटका दिला की धोटा या फळीवरून, ताण्याच्या धाग्यांमधून, पलीकडे धावतो. फळीला बाक किंवा पीळ असेल तर तो उसळतो, धागे तोडतो, कधी मागाबाहेरही उडतो. म्हणून ही फळी सपाट हवी आणि तिची जाडी सर्वत्र सारखी हवी.

या दोन गोष्टी एक नव्हेत. वाकवलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीची जाडी सारखीच असते, पण ती सपाट नसते. पाचरीच्या दोन्ही बाजू सपाट असतात, पण जाडी बदलत जाते. रंधा चालवणारा सुतार हे जाणतो. तो आधी एक बाजू सपाट करतो, मग तिच्यापासून मोजून जाडीची रेघ आखतो आणि दुसरी बाजू त्या रेघेपर्यंत उतरवतो. रंधा हे हत्यार किती जुने? इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात रोमन रंधे सापडले आहेत.

हे काम यंत्राकडे देण्याचा विचार इंग्लंडमध्ये सॅम्युएल बेंथॅम यांनी केला. १७९१ आणि १७९३ सालच्या त्यांच्या पेटंटांमागचा एक हेतू असा होता, की शिकाऊ नसलेल्या कैद्यांकडूनही लाकूडकाम करून घेता यावे. जोसेफ ब्रामा यांनी १८०२ मध्ये उभ्या आसावर फिरणाऱ्या मोठ्या चकतीला पाती बसवली. आजच्या थिकनेसरचा पूर्वज मात्र अमेरिकेतला. विल्यम वुडवर्थ यांच्या १८२८ सालच्या पेटंटात फिरती पाती होती आणि फळी पुढे सरकवणारे रूळही होते. मुदतवाढ मिळत मिळत ते पेटंट १८५६ पर्यंत टिकले, आणि अमेरिकेतले गिरणीवाले तोवर मक्तेदारीच्या नावाने खडे फोडत राहिले.

थिकनेसरचे रूळ फळी दाबून धरतात. पीळ असलेली फळी त्या दाबाखाली सरळ होते, पात्याखालून जाते आणि बाहेर पडताच पुन्हा पिळते. थिकनेसर जाडी सारखी करतो. सपाटपणा देत नाही. तो प्लेनरच्या टेबलाकडून येतो. घरच्या कारखान्यासाठी दोन्ही कामे करणारे चांगले यंत्र घेताना मोटरीच्या अश्वशक्तीपेक्षा टेबलाची लांबी आधी पाहावी, असे आमचे मत आहे. साडीचा पन्हा जवळजवळ चार फूट, शिवाय दोन्ही टोकांना धोट्याच्या पेट्या. मागाची फळी त्याहून बरीच लांब. आखूड टेबलावर तिचा बाक पुरता निघत नाही.

पण टेबल सपाट आहे हे कशावरून? जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० साली ग्लासगोच्या सभेत याची रीत मांडली. दोन पत्रे एकमेकांवर तंतोतंत बसले, तरी एक फुगीर आणि दुसरा खोलगट असू शकतो. तीन पत्रे घेतले आणि प्रत्येक जोडी, पत्रे एकमेकांवर कसेही फिरवले तरी, तंतोतंत बसली, तर मात्र तिन्ही सपाटच असले पाहिजेत. भूमितीच्या तासाला विद्यार्थ्यांना हे सिद्ध करायला सांगण्याजोगे आहे.

गणिताच्या तासालाही एक उदाहरण घेऊ. रूळ मिनिटाला ५००० फेरे घेतो, त्याला दोन पाती आहेत आणि फळी मिनिटाला ८ मीटर सरकते. म्हणजे १०,००० काप ८००० मिलिमीटरवर पडतात. दोन कापांतले अंतर ०.८ मि.मी. रुळाचा व्यास ७५ मि.मी. असेल तर प्रत्येक लाटेची खोली सुमारे ०.००२ मि.मी. येते. एक पाते किंचित वर राहिले तर शेवटची खूण तेवढ्याचीच उरते. अंतर दुप्पट होते आणि खोली चौपट, कारण खोली अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. तीन पात्यांचे यंत्र घेऊन ती नीट न बसवणाऱ्याला एकाच पात्याचे काम मिळते.

विदर्भात लाकूड म्हणजे सागवान, आणि सागवानात सिलिका असते. पोलादी पात्यांची धार ती लवकर घालवते. त्यामुळे टंगस्टन कार्बाइडच्या छोट्या तुकड्यांनी मढवलेला रूळ महाग असला तरी येथे परवडू शकतो.

रुळाचा आकार हा आणखी गंभीर प्रश्न. जुन्या प्लेनरचा रूळ चौकोनी ठोकळ्याचा असे. ठोकळा आणि टेबल यांमधल्या फटीत हात गेला की बोटेच जात. गोल रुळाने ती फट अरुंद झाली. हाताने फळी सरकवायच्या प्लेनरला गोल रूळच हवा, असा नियम ब्रिटनने १९२२ साली केला. आपल्याकडे १९४८च्या कारखाने अधिनियमाने यंत्रांचे धोकादायक भाग झाकणे सक्तीचे केले; पण विजेवर चालणाऱ्या कारखान्यांत तो मुळात दहा किंवा अधिक कामगारांसाठी होता. पडवीत एकट्याने काम करणारा सुतार त्याच्या बाहेरच राहिला. जुने यंत्र विकत घेताना रूळ गोल आहे ना आणि त्यावरचे सरकते झाकण जागेवर आहे ना, हे त्याला स्वतःच पाहावे लागते, तेही वीज जोडण्याआधी.