झाडांआधी माती

बुलढाण्यात खडीची बंद खाण दिसली की आपण म्हणतो, झाडं लावा! पण माती कुठंय? खाणीवरच्या वनाचा इतिहास तिथून सुरू करायला हवा. रोपांचे आकडे नंतर.

नागपूर जिल्ह्यात गुमगावच्या मँगनीज खाणीतल्या टाकाऊ ढिगाऱ्यांवर नत्र नावालाच होतं. नीरीच्या संशोधकांनी साखर कारखान्यांची प्रेसमड मिसळली, मुळांना रायझोबियम, अ‍ॅझोटोबॅक्टर, मायकोरायझा दिलं. मग साग, शिसम वाढले.

केनियात मोंबासाजवळ १९७१ पासून रेने हॅलर यांनी सिमेंट कंपनीच्या चुनखडी खाणीत सुरू लावली. झाडं जगली, पण गळलेला पाला कुजेना. तेव्हा त्यांनी वाणी सोडली. हो, आपल्या शेतात कोवळी रोपं कुरतडणारी तीच वाणी! तिनं पाला खाऊन माती केली.